बारावी जोडी

शिट्टी वाजली तशी तलावातली मुलं जिथल्या तिथे थांबली. चाचपडत, एकमेकांच्या तोंडावर पाणी उडवत प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचा हात शोधला आणि धरलेले हात डोक्यावर उंच केले. काठावर उभ्या राहून बाई बोटाने मोजू लागल्या.

"एक, दोन, तीन... ए गॉगलवाल्या, हात वर म्हणजे कानापर्यंत नाही! ...नऊ, दहा, अकरा."

अकरा झाल्यावर त्यांनी स्वतःचा डावा हात उंच केला. मूठ अर्धवट मिटलेली, आत काहीतरी धरलेलं असावं तशी. दोन श्वास तो हात तसाच हवेत राहिला. मग दुसरी शिट्टी वाजली आणि तलावात पुन्हा धुमाकूळ सुरू झाला.

हा हात कशासाठी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलांना वाटे, मोजणी संपल्याची खूण असेल. उद्यानाचे साहेब तर पाहुण्यांना बेधडक सांगत की ही जीवरक्षकांची जगभर चालणारी खूण आहे. साहेबांना स्वतःला कमरेइतक्या पाण्यातही धाप लागायची, पण माहिती देण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. बाईंनी त्यांचं बोलणं कधी खोडून काढलं नाही.

शाळांना सुट्टी लागली की उद्यानाच्या फाटकावर शिबिरांचा फलक लागायचा. मातीकाम, बुद्धिबळ, चित्रकला, धावणे, पोहणे. मातीकामाची मुलं झाडाखाली चिखलाने माखायची, बुद्धिबळाची दोन दिवसांत कंटाळून झोपाळ्यांकडे पळायची, आणि पोहण्याला मात्र जागा मिळायची मारामार. बाई दरवर्षी चोवीसच मुलं घेत. पंचविसाव्यासाठी ओळखीपाळखीचे किती फोन आले तरी त्या बधत नसत. फलकाच्या खाली ठळक अक्षरांत एक ओळ होती: जोडी नाही, त्याला पाणी नाही.

यंदा पहिल्याच आठवड्यात एक मुलगा झोपाळ्यावरून पडून हात मोडून बसला. तेवीस उरली. त्याची जोडीदार, आठ वर्षांची एक मुलगी, बाकावर आली. घरी तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. आता तीच भिंगरी रोज पोहण्याचा पोशाख आणि टोपी घालून, टॉवेल मांडीवर घेऊन तासभर बाकावर बसायची आणि कोरडीच्या कोरडी घरी जायची.

"बाई, अहो तिघांचा गट करा ना एक," साहेब म्हणाले.

"तिघांत प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने धरलंय."

"मग तुम्ही घ्या तिला जोडीला. तासाभराचा तर प्रश्न आहे."

बाईंनी शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"मी कुणाची जोडी होत नाही, साहेब."

साहेबांनी खांदे उडवले. शिट्टीबाईंच्या डोक्यात एकदा शिरलं की शिरलं, हे त्यांना वीस वर्षांपासून माहीत होतं. त्याआधीचं त्यांना माहीत नव्हतं. ते त्या दिवशी इथे नव्हते.

त्या दिवशीही तेवीसच होती. एक मुलगी आली नव्हती, आणि निळ्या टोपीची तिची जोडीदार एकटी पडली होती. नियम तेव्हाही होता, पण कागदावर. पोरीचं रडवेलं तोंड पाहून बाई, तेव्हाच्या नव्या, उत्साही बाई, हसून म्हणाल्या होत्या, "चल, आज माझी जोडी तू." आणि तिला हाताला धरून उथळ पाण्यात घेऊन गेल्या होत्या. पाच मिनिटांत पलीकडच्या काठावर एका मुलाच्या नाकातून रक्त येऊ लागलं. "कठडा धरून थांब हं, आलेच मी," असं म्हणून त्यांनी हात सोडला. कापूस आणला, मुलाचं डोकं पुढे झुकवून नाक धरलं, त्याची समजूत घातली. मग वेळ झाली म्हणून काठावरूनच शिट्टी वाजवली. अकरा हात वर आले. अकरा जोड्या. बाईंनी वहीत अकरा लिहिले आणि दुसरी शिट्टी वाजवली. बारावी जोडी आपली स्वतःची आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. मोजणारा स्वतःला मोजत नाही.

शिडीजवळच्या कोपऱ्यात निळी टोपी दिसली, तेव्हा उशीर झाला होता. चौकशी झाली. वही पाहिली गेली, वहीत काहीच चूक नव्हती. चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं की जोडीदार नसल्याने बाकावर बसवलेली मुलगी सगळ्यांची नजर चुकवून पाण्यात उतरली. मुलांना कुणी विचारलं नाही, बाईंना कुणी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही. एका कागदावर सही केली आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा शिट्टी गळ्यात अडकवली. लोक म्हणाले, केवढी हिंमत. ती हिंमत नव्हती. त्यांना दुसरीकडे जाताच येत नव्हतं.

कारण ती मुलगी इथेच होती. उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी तलाव भरला की शिडीजवळच्या कोपऱ्यात पाणी आधी थरथरायचं, वारा नसला तरी. मोजणीच्या वेळी बाई त्या कोपऱ्याकडे पाहत नसत. शेवटची जोडी मोजून हात उंच केला की त्यांच्या डाव्या तळव्यात बोटं यायची, फार वेळ पाण्यात राहून सुरकुतलेली, गार. दोन श्वास थांबायची आणि जायची. बाईंना तिची भीती वाटत नसे. एखाद्या मोजणीला ती यायची नाही, याची वाटे.

गुरुवारी मोजणी झाली, बाईंनी हात वर केला, आणि त्यांची नजर सहज बाकाकडे गेली. भिंगरीनेही हात वर केला होता. उजवा, मूठ अर्धवट मिटलेली, अगदी त्यांच्यासारखी.

बाई ताडताड चालत तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"ही काय थट्टा चाललीय?"

भिंगरीचा हात वरच राहिला. "थट्टा नाही, बाई. मी रोज करते."

"कशाला?"

"तुम्ही करता ना म्हणून. सगळ्यांचे जोडीदार पाण्यात आहेत. उरलो आपण दोघीच. म्हणजे तुम्ही तो हात माझ्यासाठीच वर करता ना?"

बाईंनी तिचा हात धरून खाली आणला. हात कोरडा आणि ऊन लागून तापलेला होता.

"आईला सांग, आज घ्यायला येईल तेव्हा मला भेटायचंय," त्या कशाबशा म्हणाल्या.

भिंगरीची आई एका दवाखान्यात एक्स-रे काढायची. एरवी फाटकावरूनच मुलीला हाक मारून निघून जायची. त्या दिवशी ती पहिल्यांदाच आत आली. गळ्यात दवाखान्याचं ओळखपत्र तसंच होतं. तलावाच्या जाळीपाशी येऊन तिची पावलं अडखळली.

"तिला बुद्धिबळाला घाला," बाई म्हणाल्या. "मी साहेबांशी बोलते. इथे नुसतं बसवून मला तिचे हाल करायचे नाहीत."

"नाही, बाई. ती इथेच येईल. बसेल बाकावर. बसू दे."

"अहो, पण का? शिकणार काय ती बाकावर?"

"बाकावर बसायलाच शिकू दे." ती शिडीजवळच्या कोपऱ्याकडे पाहत होती. "तुम्ही मला ओळखलं नाहीत. मी तेव्हा दोन वेण्या घालायचे. त्या दिवशी आले नव्हते, ती मी."

बाईंनी जाळीला धरलं.

"पोटात दुखतंय म्हणून सांगितलं होतं घरी," आई पुढे म्हणाली. "दुखत बिखत काही नव्हतं. मामाने नवी सायकल आणली होती. मी सायकल फिरवत राहिले आणि इकडे माझ्यामुळे तिला बाकावर बसावं लागलं. तिला कुठे बसवतंय एका जागी! उतरली असेल कंटाळून. मी आले असते तर..." तिने ओळखपत्र उगाच सरळ केलं. "तिची आई अजून मला दरवर्षी वाढदिवसाला फोन करते. मला दोष देत नाही हो कधी. म्हणते, आमचीच पोर हट्टी, सांगितलेलं ऐकायची नाही."

झाडाखाली मातीकामाची मुलं हात धूत होती. भिंगरी झोपाळ्यावर उभी राहून उंच झोके घेत होती. बाईंना वाटलं, आत्ता मान हलवली, हिच्या खांद्यावर हात ठेवला, तर सगळं होतं तसं राहील. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या. फुलांचा गुच्छ ठरलेला होता, साहेबांचं भाषणही ठरलेलं होतं.

"ती कंटाळून उतरली नाही," बाई म्हणाल्या.

"काय?"

"ती बाकावर बसलीच नव्हती. मी उतरवली तिला. हाताला धरून. तिची जोडी मी होते."

मग त्यांनी सगळं सांगितलं. कठडा, रक्त, कापूस, अकरा. मध्ये कुठेही थांबल्या नाहीत आणि स्वतःची बाजूही सांगितली नाही. आई ऐकत राहिली. तिचा चेहरा आधी मोकळा झाल्यासारखा दिसला, आणि मग त्यावर असं काही आलं की बाईंनी मान खाली घातली.

"सव्वीस वर्षं," ती म्हणाली. "मी सायकलला हात लावला नाही, बाई. पोरीलाही घेऊन दिली नाही."

"हो."

"आणि तिची आई? तिला तुम्ही एवढी वर्षं मुलीला हट्टी म्हणू दिलंत?"

आईने पर्समधून पेन काढलं, बाकावर पडलेल्या शिबिराच्या पत्रकाच्या मागे एक नंबर लिहिला आणि कागद बाईंच्या हातात दिला. मग तिने मुलीला हाक मारली आणि मागे न बघता निघून गेली. उद्या येणार की नाही, हे तिने सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी बाई कपडे बदलायच्या खोलीतून बाहेर आल्या, तेव्हा मुलांचा आवाज एकदम बंद झाला. बाईंच्या अंगावर पोहण्याचा पोशाख होता. जुना, काळा, कडेला विटलेला. बाईंना पाण्यात कुणी पाहिलंच नव्हतं. गॉगलवाला शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, "शिट्टीबाईंना पोहता येतं?"

भिंगरी बाकावर होती. तिच्या शेजारी तिची आई बसली होती, कामावर जायच्या कपड्यांत, पर्स मांडीवर घट्ट धरून.

बाई तिच्यापाशी गेल्या.

"केलात फोन?" आईने विचारलं.

"काल तुम्ही गेल्यावर लगेच."

"काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. खूप वेळ काहीच नाही. मला वाटलं, फोन ठेवला." बाईंनी शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळली. "मग विचारलं, तिने तुमचा कुठला हात धरला होता."

आईने डोळे मिटून घेतले.

"डावा, म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं. आणि मग ठेवला."

साहेब कार्यालयाच्या दारातून घड्याळ दाखवून खुणा करत होते, तिकडे कुणी लक्ष दिलं नाही. शेवटी आईने मुलीच्या मांडीवरचा टॉवेल काढून घेतला, घडी घालून स्वतःच्या पर्सवर ठेवला.

"जा," ती मुलीला म्हणाली. "बाईंचा हात सोडायचा नाही. आणि बाई, तुम्ही..."

"नाही सोडणार."

पाणी पोटापर्यंत आलं तेव्हा बाईंचं अंग शहारलं. सव्वीस उन्हाळे त्यांनी हे पाणी काठावरून पाहिलं होतं. भिंगरी उड्या मारत होती, किंचाळत होती, पाणी गिळून खोकत होती, आणि बाईंच्या डाव्या हातात तिची बोटं हळूहळू गार होत सुरकुतत चालली होती. पलीकडे कुणीतरी रडायला लागलं, पाय घसरला म्हणून. बाई भिंगरीला हाताला धरूनच तिकडे गेल्या, रडणाऱ्याला गप्प केलं आणि तिला हाताला धरूनच परत आल्या.

वेळ झाली. बाईंनी उजव्या हाताने शिट्टी ओठांत धरली आणि फुंकली. हात वर आले.

"...नऊ, दहा, अकरा."

मग त्यांनी भिंगरीचा हात आपल्या हातासकट उंच केला. पाण्याचे ओघळ दोघींच्या कोपरांवरून खाली आले.

"बारा," बाई म्हणाल्या.

शिट्टी पुन्हा ओठांपाशी नेता नेता त्यांनी बाकाकडे पाहिलं. भिंगरीची आई उभी राहिली होती. टॉवेल आणि पर्स पायाशी पडली होती. ती शिडीजवळच्या कोपऱ्याकडे पाहत होती आणि तिचा उजवा हात उंच होता, मूठ अर्धवट मिटलेली.

"बाई, आईने का हात वर केलाय? ती तर एकटीच आहे," भिंगरी म्हणाली.

बाईंनी सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच मोजणीच्या वेळी त्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथलं पाणी शांत होतं.

"तेरा," त्या म्हणाल्या, आणि मग दुसरी शिट्टी वाजवली.