पट्टी मोकळी आहे का

"येवढं आभाळ मोकळं पडलंय, आन् टकरायला ह्यास्नी जमीनच घावली," शेजारीण धोंडाबाई पुटपुटली.

कामशेतहून टाकव्याला निघालेल्या वडापच्या जीपमध्ये तिचा गुडघा शकुबाईच्या गुडघ्यात अडकलेला होता. हवाई दलाची ती दोन विमानं टकरली तेव्हा शकुबाईचा प्रज्ञेशच तिथं कामावर होता, हे तिला चांगलं ठाऊक होतं. शकुबाई पिशवीतली मेथी उगाच नीट लावत बसली.

प्रज्ञेशचं काम तसं राखणीचं. तिकडं उत्तरेत, धावपट्टीच्या टोकाला काचेच्या खोपीत बसायचं आणि पट्टी मोकळी आहे की नाही ते मनोऱ्यावर फोननं कळवायचं. शेतात पाखरं राखतात तसंच, फक्त ही पाखरं सरकारी. त्या दिवशी मनोऱ्यावरच्या तरुण अधिकारी बाईंनी हिंदीत विचारलं, पट्टी खाली, म्हणजे मोकळी, आहे का. पट्टीवर एक विमान उभंच होतं. प्रज्ञेश फोनवर ओरडला, बाईंनी दुसरं उतरायला सोडलं, आणि त्याच्या पंखानं पहिल्याची शेपटी उडवली. वैमानिक दोघंही वाचले, एकाचं मनगट तेवढं मोडलं.

तो म्हणतो, मी थांबवलं. बाई म्हणतात, तो हो म्हणाला. फोनची टेप नेमकी त्याच दिवशी बंद. येत्या बुधवारी चौकशी, तोवर प्रज्ञेशला घरी धाडलेलं, आणि दोघांपैकी एकाची नोकरी जाणार. टाकव्यानं निकाल देऊनही टाकला होता: ती लखनौची बाई खोटारडी.

मग गुरुवारी मांजर दुधावर आलं. शकुबाई चुलीपासून ओरडली, "हां हां हां!"

मांजर थांबलं. प्रज्ञेशचा घासही हातात थांबला. त्याचा बाप जानू उठून अंगणात गेला. टाकव्यात हां हां म्हणजे खबरदार, पुढं येऊ नको. लखनौत त्याचा अर्थ काय, हे रोज हिंदी मालिका बघणाऱ्या शकुबाईला कुणी सांगायला नको होतं.

पुढचे तीन दिवस तो शब्द घरातून हद्दपार झाला. मांजर रोज दूध प्यालं. शेजारची शेळी कोथिंबिरीचा वाफा साफ करून गेली, जानू बघत राहिला. धोंडाबाई तापल्या पातेल्याला हात लावायला गेली, तर शकुबाईनं मुकाट्यानं तिचं मनगट धरून बाजूला केलं.

रविवारी प्रज्ञेश बॅग भरायला बसला. जानूनं सुचवलं की चौकशीत लय बोलू नये, थांबवलं म्हणावं, बास. त्यात खोटं काहीच नाही. प्रज्ञेशनं मान डोलावली.

शकुबाई डब्यात चटणी भरत होती. तिनं विचारलं, त्या बाई तुला काही बोलल्या का?

"एकदाच," तो म्हणाला. "भांडल्या नाहीत. म्हणाल्या, मी नीट ऐकलं होतं ना रे?"

"मग तू काय म्हनलास?"

तो शर्टाची घडी मोडून पुन्हा घालू लागला. जानू खोकला. शकुबाईनं डब्याचं झाकण दाबून बसवलं.

"ती खरं बोलती, बाळा. तू हां हांच म्हनलास."