पुतळ्याची मान दुखत नाही

ट्रॅकच्या मधोमध असलेल्या मोकळ्या सिमेंटवर त्या सकाळी दोन सायकली होत्या, एक जुनी आणि एक नवी. सुटी चाकं तीन, हवेचा पंप एक, थर्मामीटर एक, स्टॉपवॉच दोन (त्यातलं एक बंद पडलेलं, पण टाकवत नाही म्हणून आणलेलं), प्लास्टिकच्या खुर्च्या चार आणि माणसं चार. शिवाय फायबरचा एक पुतळा होता. त्याला माणसांत धरायचं की सामानात, यावर मिस्त्रीकाका आणि धाकटी यांचं आजवर एकमत झालेलं नव्हतं.

"खुर्च्या चार आणि आपण पाच," काका म्हणाले. "बाईसाहेबांना काय उभं ठेवायचं?"

"त्या सायकलवर बसतात, काका."

"तेही खरंच. आणि एकदा बसल्या की हूं नाही की चूं नाही. नाहीतर काही काही रायडर."

हा टोमणा ताईसाठी होता. ताई बुटाचा पट्टा आवळत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मी फायबरची असते तर तुमचा चहा तरी वाचला असता, काका."

पुतळा ताईचाच होता. दोन वर्षांपूर्वी ताईला सायकलवर बसवून, सगळ्या बाजूंनी स्कॅन करून तो बनवला होता. पाठ सपाट, कोपरं पुढे, हनुवटी मुठींना टेकेल इतकी खाली. वाऱ्याच्या बोगद्यात, म्हणजे जोराचा वारा सोडून त्याचा अडथळा मोजतात त्या खोलीत, हा पुतळा नव्या सायकलवर दिवस दिवस बसला होता आणि धाकटी काचेपलीकडे आकडे बघत उभी राहिली होती. ताईची ही धाकटी बहीण सायकलींच्या कारखान्यात डिझाइनचं काम करायची. कारखान्यात तिला कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे 'मिलिमीटर' म्हणत.

चौथे होते मालक. त्यांचा कारखाना लहान मुलांच्या तीनचाकी आणि पुढे टोपली लावलेल्या साध्या सायकली बनवायचा. टाइम ट्रायलची सायकल, म्हणजे एकट्याने घड्याळाशी लावायच्या शर्यतीची सायकल, हे त्यांचं एकुलतं एक खूळ. तीन वर्षांपूर्वी त्यांनी एक काढली होती, ती ही जुनी. नवीचा हा एकच नमुना होता, आणि ती विकायला काढायची की नाही, हे उद्या सकाळी साचेवाल्याला कळवायचं होतं. त्यांनी येतानाच गाडीत सांगून टाकलं होतं, "चाळीस फेऱ्या, तीच बाई, तेवढाच जोर. जुनीपेक्षा आठ सेकंद कमी लागले तर साचा. आठाला एक जरी कमी पडला तर विषय बंद, आणि माझ्यापुढे परत काढायचा नाही."

"आठच का?" काकांनी विचारलं होतं.

"त्याहून कमी फरकासाठी लोक नवी सायकल घेत नाहीत. नवे बूट घेतात."

एवढं बोलून ते खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे मिटले. दोन रात्री त्यांची झोप झालेली नव्हती. झोप खरं तर चौघांपैकी कुणाचीच झालेली नव्हती. ताई गेले पंधरा दिवस रोज पहाटे सराव करून नोकरीवर जात होती. काका काल संध्याकाळपर्यंत नव्या सायकलीचा मागचा ब्रेक घासत बसले होते. आणि धाकटीला तर ताजंतवानं असणं म्हणजे काय, हेच आठवेनासं झालं होतं. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटायचं. चहा प्यायला की तेवढ्यापुरती ती वाळू ओली व्हायची.

आधी जुनी सायकल. पायडलमध्ये जोर मोजणारा मीटर होता आणि त्याचा आकडा ताईसमोर दिसायचा. तो अडीचशेवर धरून ठेवायचा, ना वर ना खाली. धाकटीने घड्याळ धरलं, काकांनी फेऱ्या मोजल्या. चाळीस फेऱ्यांना तेरा मिनिटं बावन्न सेकंद.

"म्हणजे नवीला चव्वेचाळीस हवेत," मालक डोळे न उघडता म्हणाले. ते झोपलेले नव्हते तर.

नवी सायकल काकांनी दोन्ही हातांनी उचलून आणली, जसं कुणी झोपलेलं मूल आणावं. पुढच्या फोर्कचे दोन पाय चाकापासून लांब, कारण चाकावरून आलेल्या वाऱ्याला निघून जायला वाट हवी. पुढचा ब्रेक फोर्कच्या पाठीमागे दडवलेला. तारा सगळ्या आतून, बाहेर एक लोंबेल तर शपथ. सीटखालचा दांडा सुरीच्या पात्यासारखा चपटा. पाण्याची बाटली चपटी, सांगाड्याच्या त्रिकोणात अशी बसवलेली की ती बाटली आहे हे सांगावं लागे. मागचं चाक सलग तबकडी. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे हँडल. हात टेकायच्या पन्हाळींसकट एकाच तुकड्यात ओतलेलं, पक्ष्याने पंख मिटावेत तसं. त्याला एकही बोल्ट नव्हता. त्या एका बोल्टवरून धाकटी आणि काका चार महिने भांडले होते.

"अगं, माणसाला वर-खाली करायला काहीतरी ठेव," काका म्हणायचे.

"कुणासाठी? सायकल ताईच्या मापाची आहे. माप घेतलंय ना?"

शेवटी काकांनी हात टेकले. बोल्ट गेला, आणि बोगद्यात तो एक बोल्ट गेल्याने वाऱ्याचा अडथळा जेवढा कमी झाला तो आकडा धाकटीने घरी येऊन ताईला तीनदा ऐकवला होता.

ताई नव्या सायकलवर बसली. पहिल्या दहा फेऱ्या अशा गेल्या की काकांनी मोजता मोजता शीळ घातली. धाकटीच्या हातातलं घड्याळ तिला हवं तेच सांगत होतं. मग बाराव्या-तेराव्या फेरीपासून काहीतरी बिनसलं. मीटर अडीचशेच दाखवत होता, ताईचे पाय त्याच लयीत फिरत होते, आणि तरी प्रत्येक फेरीला थोडा थोडा वेळ वाढत होता. जणू कुणी ट्रॅकवरची हवा हळूहळू घट्ट करत होतं.

तेरा मिनिटं पंचावन्न. जुनीपेक्षा तीन सेकंद जास्त.

मालकांनी एक डोळा उघडला आणि परत मिटला. ते शिव्या देते तर बरं झालं असतं, असं धाकटीला वाटलं.

"ट्रॅक पाचपर्यंत आपला आहे," ती म्हणाली. "मला बघू दे."

तिने चाकातली हवा बघितली. बरोबर होती. ब्रेक घासतोय का ते बघितलं. नव्हता. बेअरिंग फिरवून कान लावला. काकांना मागचं चाक काढायला लावलं, परत बसवायला लावलं. काका कुरकुरले, पण हळूच. त्यांनाही वाईट वाटत होतं. दुपार कलायला लागली. वरचे पत्रे तापले. ताई खुर्चीत बसून ओला टॉवेल मानेवर दाबत होती, आणि धाकटी तिच्यासमोरून चार वेळा गेली तरी तिला ते दिसलं नाही. ती सायकलीतला दोष शोधत होती.

शेवटी काकांनी नवी सायकल स्टँडवर लावली आणि, काहीतरी करायचं म्हणून, पुतळा उचलून तिच्यावर बसवला. "घ्या बाईसाहेब, तुम्हीच सांगा काय झालं ते."

धाकटी बाजूला उभी राहून बघत राहिली. पुतळ्याची हनुवटी मुठींच्या मागे, वारा डोक्यावरून सरळ पाठीवर. सकाळपासून या सायकलवर कोण बसलं होतं? ती वळली.

"ताई, तू अशीच बसली होतीस ना?"

"हो. सुरुवातीला."

"सुरुवातीला म्हणजे?"

ताईने टॉवेलची दुसरी बाजू मानेवर घेतली. "म्हणजे जमेपर्यंत गं. मग डोकं वर येतं. खाली इतकं वाकल्यावर रस्ता बघायला मान उचलावी लागते, आणि मानेत कळ आली की खांदेही वर येतात. मी दाबून खाली नेते, परत येतं."

"पण स्कॅनच्या वेळी तू तशीच बसलीस! अगदी तश्शीच!"

"तूच म्हणालीस, श्वास रोखून धर, हलू नकोस. वीस सेकंद होते ते. वीस सेकंद मी झाडाला उलटी लटकेन."

धाकटी खाली सिमेंटवरच बसली. दोन वर्षं तिने वीस सेकंद श्वास रोखून बसलेल्या बाईसाठी सायकल काढली होती. ती बाई बोगद्यात आठ आठ तास बसायची, तिला घाम येत नव्हता, तिची मान दुखत नव्हती. बोगद्यातला एकही आकडा चुकलेला नव्हता. त्या बाईला ही सायकल आठ सेकंदांपेक्षा किती तरी जास्त देत होती.

"दोन वर्षं तोंडातून एक शब्द नाही काढलास?"

"काय काढणार? पहिला आकडा आला त्या दिवशी तू घरी येऊन किती तरी महिन्यांनी पोटभर जेवलीस. आईने मला खुणेने दाखवलं. म्हटलं, मान काय, होईल सवय." ताईने टॉवेल खाली ठेवला. "नाही झाली. वय झालं बहुतेक मानेचं. बाकीची मी अजून तरुण आहे."

काका एकटेच हसले.

धाकटीला रडू येईल असं वाटलं होतं, पण तेवढंही बळ उरलेलं नव्हतं. ती उठली. "काका, पुतळा ठेवतो त्या चौकटीला खाली लाकडी ठोकळे आहेत ना?"

"आहेत की. सागाचे नाहीत, पण बरे आहेत."

"दोन कापून द्या. हात टेकायच्या पन्हाळींवर बसतील असे. टेपने बांधू."

काकांनी आधी सायकलीकडे बघितलं, मग तिच्याकडे. "या हँडलवर? टेप?"

"हो."

"किती मिलिमीटर?"

तिने खिशात हात घातला. मापाची पट्टी गाडीत राहिली होती आणि गाडी पार फाटकापाशी. तिने आपला अंगठा आडवा धरला, त्यावर दुसरा ठेवला. "एवढे. दोन अंगठे."

काकांनी तिच्या कपाळाला हात लावून बघितला. "ताप नाही," ते ताईला म्हणाले, आणि करवत आणायला गेले.

ठोकळे लागले तेव्हा ती सायकल बघवत नव्हती. मिटलेल्या पंखांवर कुणी विटा ठेवल्यासारखं दिसत होतं. टेपची एक कड सुटत होती, ती काकांनी थुंकी लावून चिकटवली. वाऱ्याला दिसू नये म्हणून जे जे काही लपवलं होतं, ते सगळं आता या दोन लाकडांनी चारचौघात उघड्यावर आणलं होतं. पण ताई बसली, कोपरं वर आली, आणि तिची मान आपोआप खांद्यांत उतरली, कासवासारखी.

"कसं वाटतंय?"

"खाटेवर पालथं पडल्यासारखं," ताई म्हणाली. "डुलकी लागली तर हाक मार."

निघण्याआधी धाकटीने सवयीने थर्मामीटर बघितला. सकाळपेक्षा अडीच अंश जास्त. हवा तापली की विरळ होते आणि विरळ हवेत कुठलीही सायकल फुकट पळते. या ट्रॅकवर, या वेगाला, अडीच अंशांचे दोन सेकंद. हा हिशेब तिला पाठ होता. मालकांना आणि काकांना तो ठाऊक नव्हता, आणि त्यांनी तो कधी विचारलाही नसता. धाकटी थर्मामीटर बघते म्हणजे काहीतरी मिळवणार किंवा वजा करणार, एवढं मात्र ताईला माहीत होतं.

"दमली असशील तर..." धाकटी म्हणाली.

"दमलेय म्हणूनच बरं. तुझ्या बाईसाहेब दमत नव्हत्या, तिथेच घोडं अडलं ना?" आणि ताई निघाली.

या वेळी पहिल्या फेऱ्यांना काकांची शीळ वाजली नाही. त्या सकाळच्यापेक्षा किंचित संथच होत्या. पण दहावी गेली, पंधरावी गेली, विसावी गेली, आणि फेरीचा वेळ वाढला नाही. प्रत्येक वळणावर तेच दृश्य समोरून जात होतं: सपाट पाठ, मुठींमागे लपलेला चेहरा, टेपची फडफडणारी कड. तिसाव्या फेरीला काका उठून उभे राहिले.

चाळीस.

तिने बटण दाबलं. काका तिच्या खांद्यावरून वाकले, घड्याळ बघितलं आणि त्यांनी खुर्ची पाडली. "त्रेचाळीस! अगं मिलिमीटर, तेरा त्रेचाळीस! नऊ कमी! आठ मागितले होते, नऊ दिले!"

ताई आणखी एक फेरी सैल सोडून खाली उतरली. सायकल काकांच्या हातात देऊन ती धाकटीशेजारी येऊन उभी राहिली, धापा टाकत, टॉवेलविना. धाकटी घड्याळाकडे बघत नव्हती. ती थर्मामीटरकडे बघत होती.

ताईने ते पाहिलं. तिने एकदा मालकांकडे बघितलं, एकदा ठोकळ्यांकडे, आणि ओला हात धाकटीच्या पाठीवर ठेवला.

"सांग काय ते," ती हळूच म्हणाली. "मला घरी जाऊन झोपायचंय."

मालक खुर्चीत सावरून बसले होते. त्यांनी डोळे चोळले. "मिस्त्री एवढे का नाचतायत? किती झाले?"

"घड्याळात तेरा मिनिटं त्रेचाळीस," धाकटी म्हणाली. "पण हवा सकाळपेक्षा तापलीय, त्याचे दोन सेकंद सायकलीचे नाहीत. ते परत मिळवायचे. तेरा मिनिटं पंचेचाळीस. जुनीपेक्षा सातच कमी."