छतासाठी माझे वचन

शनिवारी दुपारी चष्मेवाल्या ताईंनी दुकानाच्या दारावरची पाटी फिरवली, आतून कडी लावली आणि काचेच्या काउंटरवर एकशे साठ पाकिटं मांडली. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं. मांडणीतल्या चष्म्यांवर ते फुटून भिंतीवर तुकड्या-तुकड्यांनी डुलत होतं, आणि त्या उजेडात पाकिटांचा ढीग पाण्याखाली ठेवल्यासारखा दिसत होता. आधी हात कोणी घालायचा, हेच ठरेना.

काउंटरभोवती तिघं होती. ताई स्वतः, शाळेतून निवृत्त झालेल्या मोठ्या बाई आणि बेकरीवाले काका. चर्चच्या छतनिधीचे हे तीन गटप्रमुख. काका आपल्याला गटप्रमुख न म्हणता पुढारी म्हणवून घेत आणि वर सांगत, की पुढाऱ्याला हार घालतात, आम्हाला मात्र पन्नास घरांचे जिने चढायला लावलेत.

चर्चचं जुनं छत वाळवीने पोखरलं होतं. इंजिनियरने बोटाने तुळई टोचली, तर बोट आत गेलं. छत उतरवलं, भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या, आणि रविवारची उपासना शाळेच्या जेवणघरात सुरू झाली. बसायला जागा भरपूर होती, उणीव होती ती आवाजाची. म्हातारे पाळकसाहेब उपदेश गाऊन करत. चार वाक्यं साधी बोलायची, पाचवं हळूच सुरात उचलायचं, आणि शेवटचे दोन शब्द मंडळीने झेलायचे. जुन्या छताखाली तो सूर वर जाऊन परत येई. जेवणघराच्या बुटक्या छताखाली तो समोरच्या टेबलावर पडून तिथेच राही.

नवरा गेला त्या महिन्यात ताईंना घरात झोप लागत नसे. लागे ती फक्त रविवारी, त्या आवाजाखाली, बाकावर बसल्या-बसल्या. कोणी त्यांना उठवलं नाही. वर्षअखेर पाळकसाहेब निवृत्त होणार होते, आताशा त्यांचा श्वासही मध्येच तुटायचा. त्याआधी एकदा तरी त्यांनी खऱ्या छताखाली गावं, एवढ्याच ओढीने ताईंनी मोहिमेचं पुढारपण गळ्यात घेतलं होतं. कंत्राटदाराने मुदत दिली होती सोमवारपर्यंत. कोण किती देणार हे लेखी दाखवा, माणसं तुमच्यासाठी राखून ठेवतो, नाहीतर पुढच्या वर्षी बघू, असं त्याचं रोखठोक म्हणणं.

कार्डाचा मजकूर मोठ्या बाईंचा. देणगी म्हटलं की उपकार वाटतो, वर्गणी म्हटलं की दार बंद होतं, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांनी सुंदर अक्षरात छापून घेतलं : 'छतासाठी माझे वचन'. खाली एक कोरी रेघ. दारात पैशाचं नाव काढायचं नाही, कार्ड द्यायचं, चार शब्द प्रेमाने बोलायचे आणि निघायचं, हा नियमही बाईंचाच. ताईंच्या जिवावरचं ओझं त्या नियमाने उतरलं होतं. लोकांना 'हे बरं दिसतंय की ते?' एवढंच विचारण्यात त्यांचा जन्म गेला होता, स्वतःसाठी मीठसुद्धा त्यांनी कधी मागितलं नव्हतं.

शेवटी काकांनी पहिलं पाकीट फोडलं. वाचलं आणि कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. खडकावर बांधलेल्या घराविषयीचं वचन होतं, बायबलमधलं, अध्याय नि ओवीसकट. दुसऱ्यात पाखरांचं. तिसऱ्यात मेंढपाळाचं, भोवती रंगीत पेन्सिलीने वेल काढलेली. दहावं फोडलं, पंधरावं फोडलं. कोणी एक वचन लिहिलं होतं, कोणी जागा उरली म्हणून दोन. कोणाला वाटलं होतं, नव्या छताखाली भिंतीवर रंगवायचं असेल. रक्कम म्हणून कुठेच नाही.

मग एका पाकिटातून नुसता आकडा निघाला : एकशे एकवीस. बसचालकाचं कार्ड. काका सरसावून बसले. हे हजारांत असेल तर, म्हणत ते बोटांवर मोजायला लागले. ताईंनी फोन लावला. बसचालकाने शांतपणे सांगितलं, की ते स्तोत्र आहे, एकशे एकविसावं, सगळ्यांना पाठच असतं, अख्खं कशाला उतरवायचं?

काका इतके हसले की त्यांना उचकी लागली. मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "चाळीस वर्षं मुलांना सांगत आले, शब्दाला दोन अर्थ असले तर वाक्यात स्पष्ट करा."

ताईंनी त्यांचा हात धरला. एका जरी दारात आपण 'पैसे' हा शब्द उच्चारला असता, तर आज ही वेळ आली नसती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. चूक बाईंची होती, पण त्या नियमाआड लपल्या होत्या ताई स्वतः.

संध्याकाळच्या आत ताई पाकिटांची पेटी घेऊन पाळकसाहेबांकडे गेल्या. ते स्वयंपाकघरात वाटाणे सोलत होते. सगळं ऐकून त्यांनी हात पुसले आणि कार्डं एकेक करून वाचायला घेतली. घाई काहीच नव्हती. भांड्यात अधूनमधून एखादा वाटाणा टपकन पडे. एक वचन वाचून ते डोळे मिटत, त्या घरातलं माणूस आठवत, आणि पुटपुटत, हिने हेच का निवडलं असेल? मग आपणच उत्तर देत : हिचा लेक लांब आहे ना. ह्याने दुकान बंद केलं. ह्या दोघी बहिणी बोलत नाहीत, आणि बघ, दोघींनी एकच ओवी लिहिली. बोलता-बोलता त्यांचं बोलणं कधी सुरात गेलं ते ताईंना कळलं नाही. स्वयंपाकघर वाफेने धुरकट झालं होतं. एकशे साठ घरांचे दिवे दारात येऊन उभे राहावेत, तसं त्यांना वाटलं.

"उद्याचा उपदेश तुम्ही दारोदार फिरून गोळा केलात की," पाळकसाहेब म्हणाले. "मी फक्त ओवायचा. पैशाचं मात्र तू बोलायचंस, पोरी."

"मला मागता येत नाही, पाळकसाहेब."

"म्हणून तर तुला निवडलं. मागता येतं त्यांना बघून लोक गल्ली बदलतात."

दुसऱ्या दिवशी जेवणघरात त्यांनी ती वचनं एकात एक गुंफून गायली. कोणाचं नाव घेतलं नाही. पण आपली ओळ आली की माणूस ओळखू येई. कोणी मान खाली घाली, कोणी शेजारणीचा हात दाबी. त्या दोघी बहिणींनी एकाच वेळी वर पाहिलं. शेवटी ते नुसतं 'एकशे एकवीस' म्हणाले आणि सगळी मंडळी ते स्तोत्र आपणहून म्हणायला लागली. बसचालकाने काकांकडे वळून पाहिलं, सांगितलं नव्हतं का, अशा नजरेने.

मग ताई उभ्या राहिल्या. पाकिटांची पेटी त्यांनी पुढ्यात घेतली.

"चूक आमची झाली," त्या म्हणाल्या. "आम्हाला विचारायचं होतं, छताला पैसे किती द्याल. तुम्ही दिलंत ते आम्ही परत करणार नाही. पण नुसत्या वचनावर सुतार काही तुळई चढवत नाही. कार्डं इथे पेटीत आहेत. मागची बाजू कोरी आहे. मी मागते आहे."

मग कुठूनतरी हसू फुटलं, ते बाकाबाकावरून पसरत गेलं, आणि पेन्सिलींची शोधाशोध सुरू झाली.

जमलं ते अर्ध्याहून थोडं जास्त. सोमवारी कंत्राटदाराने डोकं खाजवलं आणि सांगितलं, अर्धं छत आत्ता घालतो, उरलेलं पुढच्या वर्षी. कोणती बाजू ते तुम्ही ठरवा. ताई ताबडतोब म्हणाल्या, पाळकसाहेब उभे राहतात ती. पाळकसाहेबांनी नकार दिला. मंडळी बसते ती बाजू आधी, त्यात वाद नको. ताईंनी घातला तरीही. छप्पर तुमच्या आवाजाला हवंय, त्या काकुळतीने म्हणाल्या, लोक काय, छत्री घेऊन बसतील.

"आवाज माझा," ते म्हणाले, "पण ऐकायचा तुम्ही ना?"

वर्षाच्या शेवटच्या रविवारी मंडळी नव्या लाकडाच्या वासात बसली. पाळकसाहेब समोर, उघड्या आभाळाखाली, गळ्यात मफलर गुंडाळून. त्यांच्यामागे भिंतीला अजून शिडी टेकलेली होती. चार वाक्यं ते साधी बोलले. पाचवं उचललं तेव्हा आवाज कापत होता, आणि ताईंनी नजर आपल्या पायांकडे वळवली.

सूर अर्ध्या छताखाली शिरला. नव्या तुळयांमधून वर चढला, तिथे थोडा घुटमळला आणि सावकाश खाली आला, गेला होता त्याहून भरदार.

पाळकसाहेबांना यातलं काही कळायला मार्ग नव्हता. त्यांच्या डोक्यावर नुसतं आभाळ होतं, आणि आभाळ काही परत देत नव्हतं. ओळ संपवून ते थांबले, श्वास गोळा केला आणि ताईंकडे पाहून भुवया उंचावल्या. येतोय का?

ताईंनी मान डोलावली. पाळकसाहेबांनी पुढची ओळ घेतली.