कोणाला न दिलेला आवाज

मी एक जुना रेकॉर्डर आहे, मित्रांनो, आणि माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही. बोलण्याआधी माणसं किती वेळा मागे वळून पाहतात, ते मी जवळून पाहिलं आहे.

आरिफानं मला यवतमाळच्या बाजारातून घेतलं. घाटंजीत मोटारपंप दुरुस्त करणाऱ्या रहमत मिस्त्रींची ही मुलगी समाजशास्त्र शिकली आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या तांड्यांवर संशोधन करू लागली. कुणाला गाव सोडावंच लागतं आणि कुणाला कधीच सोडावं लागत नाही, हा तिचा प्रश्न होता. पहिल्याच दिवशी तिनं मला तांड्यावरच्या एका बाजेवर ठेवलं आणि सगळे मागे सरकले.

"हे कायले आनलं?" तांड्यावरच्या रुपीबाईनं विचारलं. "आमचं राशनमधलं नाव कटलं त?"

कुणी म्हणालं, ही सरकारची. कुणी म्हणालं, कारखान्याची. काही जण तर आरिफाचं नाव ऐकूनच उठून गेले. ती चिडली नाही. त्यानंतर वर्षभर तिनं मला पिशवीतून बाहेर काढलं नाही, पण तांड्यावर जाणं सोडलं नाही.

तिसऱ्या वर्षी रुपीबाई आपणहून माझ्यासमोर बोलली. तोडीला टोळी नेणारा मुकादम भावसिंग तिच्या नात्यातलाच. त्यानं सगळ्यांची आधार कार्डं स्वतःकडे ठेवली होती. रुपीबाईची लेक तापानं फणफणली, तरी त्यानं उसाच्या फडावरून दवाखान्यात जाऊ दिलं नाही. पोरीला ऐकू येणं कायमचं बंद झालं.

"हा आवाज कोनाले देजो नोको, पोरी," एवढं शेवटी ती म्हणाली.

आरिफानं नाव न घालता प्रबंध लिहिला. कौतुक झालं, कॉलेजात नोकरी लागली. बढतीच्या वेळी मात्र समितीतल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांना संशय आला. प्रबंधातली ही बाई खरी कशावरून? आवाज आणून ऐकवा, असं त्यांनी सांगितलं. त्याच आठवड्यात भावसिंग रहमत मिस्त्रींच्या दुकानात चांगला चालणारा पंप घेऊन आला आणि तुमच्या मुलीच्या मशीनमध्ये कोण कोण बोलतं, असं गोड आवाजात विचारून गेला.

दुसऱ्या दिवशी आरिफानं मला पिशवीत टाकलं. मला वाटलं, संपलं. बढतीपुढे भले भले वाकतात. पण ती कॉलेजात गेली नाही, तांड्यावर गेली. आवाज कॉलेजात ऐकवणार, असं रुपीबाईच्या कानावरही आलं होतं. ती तोंड फिरवून बसली.

"इकलं का आमाले?"

आरिफानं मला चालू केलं आणि तिचाच आवाज तिला ऐकवला. म्हणाली, "मावशी, हे मशीनमधून पुसून टाकलं त माह्याजवळ पुरावा राहत नाही. पन तुमी म्हनसाल तसंच करतो."

रुपीबाईनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "मशीन कायले पाह्यजे त्यायले? मी जिती हावो ना."

सोमवारी लेकीला सोबत घेऊन ती समितीसमोर बसली. मी बाहेर पिशवीत होतो. आत ती काय बोलली, मला ठाऊक नाही. आरिफाची बढती तरीही दोन वर्षं अडली. पण त्या दिवाळीनंतर ट्रकमध्ये चढताना भावसिंगनं कार्डांसाठी हात पुढे केला, तेव्हा चौदा बायांनी आपापलं कार्ड पदराच्या गाठीत तसंच ठेवलं.

आता मी बंद पडलो आहे आणि आरिफाच्या कपाटात असतो. मला जपलं नाहीत तरी चालेल, मित्रांनो. पण कुणी विश्वासानं काही सांगितलं असेल, तर ते पुढे देण्याआधी त्याच्या दारी जाऊन एकदा विचारा.