वाढलेले दोन किलो

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. चाकूर तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात माझं आयुष्य गेलं. नवा होतो तेव्हा आया बाळांना कडेवर घेऊन माझ्यावर उभ्या राहत आणि काटा पुढे सरकला की हसत. आता काचेला चरा पडला आहे, पायाखालचं रबर झिजलं आहे.

लक्ष्मम्मा पहिल्यांदा माझ्यावर चढली, तेव्हा बेचाळीस किलो भरली. जन्मभर चुलीचा धूर घेऊन तिची फुप्फुसं अधू झाली होती. पुढच्या महिन्यात चाळीस. मग अडतीस. तिचा नवरा वीरण्णा वाकून आकडा पाही आणि चष्मा पुसत बसे.

उपकेंद्रातल्या मनीषा सिस्टरनं तिला जेवणाचं विचारलं.

"दोन घास गिळले की दम लागतोय, बाई," लक्ष्मम्मा म्हणाली. "ताट बघितलं तरी भ्या वाटतंय."

सिस्टरनं समजावलं, की एकदम पोटभर नको, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खा. आधी जरा विसावा घ्या, ताठ बसून सावकाश जेवा. वरणावर तूप घ्या, भाकर दुधात कुस्करा. आणि दर सोमवारी वजन करायला या. वीरण्णा स्वतः भाकर कुस्करून देऊ लागला. वजन अडतीसवर थांबलं.

मग एका सोमवारी माझा काटा चाळीसवर गेला. वीरण्णाला कोण आनंद झाला! रांगेतल्या बायकांनाही त्यानं सांगितलं. मीही सुखावलो. लक्ष्मम्मा मात्र भिंत धरून उभी होती.

सिस्टर खाली बसली. तिनं लक्ष्मम्माच्या घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरेचना.

"काका, हे अंगी लागलेलं न्हाई. अंगात पाणी साठलंय, फुप्फुसांपायी हृदयावर ताण आलाय. आत्ताच लातूरला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागंल."

गाडी यायला पाऊण तास लागला. लक्ष्मम्मा गुडघ्यांवर हात टेकून एकेक श्वास ओढत होती. तिचे ओठ निळसर पडत चालले होते. वीरण्णा तिची पाठ चोळत होता आणि माझ्याकडे पाहत नव्हता.

त्याच आठवड्यात नवा डिजिटल काटा आला. मला कपाटाशेजारी सरकवलं. तिथूनच मी तिला परत आलेली पाहिली. नव्या काट्यावर सदतीस किलो. वीरण्णाचा चेहरा उतरला. सिस्टर म्हणाली, की पाणी उतरलंय, आता खरं वजन वाढवू. दोन महिन्यांनी ती एकोणचाळीस भरली. घोटे कोरडे होते, आणि दारापर्यंत ती भिंत न धरता चालत गेली.

मित्रांनो, घरात असं दमेकरी माणूस असेल, तर वजन जरूर करा. पण आकडा वाचून लगेच उठू नका. ते किती जेवलं, ते विचारा. आणि खाली वाकून त्याचे पाय बघा.