नलिनीच्या हातचं सँडविच

रविवारी सकाळचे नऊ वाजले की अंधेरीच्या टिपणीसांच्या घरात सगळ्यांची नाकं मागच्या पडवीकडे वळत. तिथं कोळशाच्या शेगडीपाशी नलिनी बसलेली असे. आदल्या संध्याकाळी शिजवलेल्या कोंबडीचं मांस हाडांवरून सोडवून तिनं बोटांनी मोकळं करून ठेवलेलं असे. त्यात मिरपूड, बारीक चिरलेला कांदा, एखादी हिरवी मिरची आणि दुधात शिजवलेला घट्ट मैदा. मग इराण्याकडच्या पावाचे जाड काप, त्यांना लोणी, मध्ये ते मिश्रण, त्यावर डब्यातलं चीज किसून, आणि वर दुसरा काप. तवा शेगडीवर, तव्यावर पितळी झाकण आणि झाकणावर चार निखारे. पाव दोन्ही अंगांनी कुरकुरीत व्हायचा आणि आतलं चीज वितळून कडेनं ओघळायचं. मीठ बरोबर आहे की नाही हे मात्र नलिनीला कळत नसे. त्यासाठी ती जाऊबाईंना, म्हणजे कुंदाला हाक मारी.

कारण नलिनी विधवा होती, आणि तिनं ते तोंडात घालायचं नाही असा त्या घरचा कायदा होता.

हा कायदा कुणी केला, हे विचारलं असतं तर कुणालाच सांगता आलं नसतं. चार वर्षांपूर्वी, म्हणजे बावन्न साली, नलिनीचा नवरा अनंत विषमज्वरानं नऊ दिवसांत गेला. तेरावा झाला. चौदाव्या दिवशी घरात पापलेट आलं, आणि पानं वाढली तेव्हा नलिनीच्या पानात वरणभात होता. कुणी वाढला? तिनंच वाढून घेतला होता! सासूबाईंचं, माईंचं पान तेव्हा सत्तावीस वर्षं तसंच होतं. त्यांच्या शेजारी आणखी एक पान तसं झालं, एवढंच. ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती.

हे सँडविच मुळात अनंतचं. तो जुहूच्या एका हॉटेलात स्टोअरकीपर होता. तिथल्या खानसाम्याशी दोस्ती करून त्यानं ही विद्या घरी आणली. माईंच्या काळी कोंबडी घरात शिजत नसे, म्हणून पडवी, वेगळी शेगडी आणि वेगळा तवा. दर रविवारी तो बाह्या सरसावून बसे आणि नलिनी शेजारी बसून शिके. तो गेल्यावर वर्षभर ती शेगडी पेटली नाही. मग एकदा जेवताना अनंतचे थोरले भाऊ, कुंदाचे यजमान शरच्चंद्र म्हणाले, "अनंता करायचा ते सँडविच नलिनीला येतं ना गं, कुंदा?" भावाच्या आठवणीनं त्यांचे डोळे भरून आले होते, हे खोटं नाही. पुढच्या रविवारपासून शेगडी पेटू लागली. चीजचा डबा फोर्टातून शरच्चंद्र स्वतः आणत. पाहुण्यांना मोठ्या अभिमानानं सांगत, "अनंताची आठवण आम्ही अशी जपतो."

शरच्चंद्र वाईट माणूस नव्हते हो. विमा कंपनीत हेडक्लार्क, निर्व्यसनी, वाचनाचा नाद. गावातल्या ग्रंथालयात दरवर्षी त्यांचं व्याख्यान असे. पंचावन्न सालचा विषय होता 'विधवांचा प्रश्न आणि आपण'. "केशवपन गेलं, आता पुढचं पाऊल टाकायला हवं!" असं त्यांनी टेबलावर मूठ आपटून सांगितलं, टाळ्या घेतल्या, आणि दुसऱ्या दिवशी, रविवार होता म्हणून, नलिनीच्या हातची दोन सँडविचं खाल्ली. त्यांना त्यात काही विसंगत वाटलं नाही. तुम्हाआम्हाला तरी कुठं वाटतं?

छप्पनच्या जानेवारीत एका रविवारी नलिनी शेगडीपाशी चक्कर येऊन पडली. तव्यावर हात टेकला, तळवा भाजला. कुंदानं तिला डॉक्टर मृणालिनीबाईंकडे नेलं. बाईंनी तिच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि म्हणाल्या, "अंगात रक्त कुठं आहे हिच्या? अंडी, कोंबडी, कलेजी सुरू करा. घरी खाता ना सगळे?"

"खातो," कुंदा म्हणाली.

"मग अडचण काय?"

कुंदानं घरी येऊन नवऱ्याला तोच प्रश्न विचारला.

"अडचण माझी नाही गं," शरच्चंद्र म्हणाले. "मी केव्हाही तयार आहे. पण माई! तिनं एवढी वर्षं पाळलंय. तिला काय वाटेल? जरा योग्य वेळ पाहून विचारतो."

ही योग्य वेळ म्हणजे मोठी चमत्कारिक गोष्ट. जानेवारीत माईंचे गुडघे धरले होते. फेब्रुवारीत कुणाकडचं लग्न. मार्चमध्ये ऑफिसात कामाची घाई. नलिनी लोहाचं औषध पीत होती, जिना चढताना मध्येच थांबत होती, आणि हाताची पट्टी सुटल्यावर पुन्हा शेगडीपाशी बसत होती. "मी करते," असं कुंदा म्हणे. "राहू द्या ताई, तुम्हाला निखाऱ्याचा अंदाज नाही," असं नलिनी म्हणे.

एप्रिलच्या एका रविवारी कुंदानं आपली बशी पुढे सरकवली.

"का गं? बरं नाही?" शरच्चंद्रांनी विचारलं.

"मला नको. आजपासून नको."

"अगं पण काय झालं?"

"तीन महिने झाले! ती तिकडे धुरात बसणार, तिच्या पायात उभं राहायचं बळ नाही, आणि मी इथं मिटक्या मारायच्या? माझ्या घशाखाली उतरत नाही. तुमच्या कसं उतरतं, ते तुमचं तुम्ही बघा."

शरच्चंद्रांनी हातातला घास बशीत ठेवला. ते उठले आणि देवघरापाशी गेले. माई कापसाच्या वाती वळत बसल्या होत्या.

"माई, रागावणार नसलीस तर एक विचारू?"

"विचार की."

"डॉक्टरीणबाई म्हणतात, नलिनीला मांसमच्छी द्यायला हवी. नाहीतर तिची तब्येत सुधारायची नाही."

"कधी म्हणाल्या?"

"जानेवारीत."

माईंचा हात थांबला. "आणि आता कुठला महिना?"

"तुला काय वाटेल म्हणून मी..."

"मला काय वाटेल? मी कधी नाही म्हटलं होतं?"

"नाही, पण..."

"बस खाली, शरू." माईंनी वातींचं तबक बाजूला केलं. "तुझे वडील गेले तेव्हा तू चौदा वर्षांचा होतास. मला ओले बोंबील फार आवडायचे. सुतक फिटल्यावर मी तुम्हा दोघांना तळून वाढले. तू तीन खाल्लेस आणि चौथा मागितलास. 'माई, तू का घेत नाहीस?' असं काही विचारलं नाहीस. म्हटलं, लहान आहे, मोठा झाला की विचारेल. तू मोठा झालास. सभेत बोलायला लागलास. लोक येऊन मला सांगायचे, तुमचा मुलगा काय बोलतो हो बायकांबद्दल! मी वाटच पाहत राहिले."

शरच्चंद्रांना मान वर करवेना. खाली पाहतच ते म्हणाले, "मग नलिनीसाठी तरी तू बोलायचंस."

"भ्याले. सुनेला खाऊ द्या म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, म्हातारीच्याच जिभेला पाणी सुटलंय. आणि खोटं कशाला बोलू, सुटतंही. माझी चूक आहेच. तिच्या शेजारी बसून मी रोज तिचा वरणभात पाहिलाय." माईंनी पदरानं डोळे पुसले. "पण बाईनं मागायचं नसतं, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलं. पुरुषानं विचारायचं असतं, हे तुम्हाला कुणीच कसं शिकवलं नाही रे?"

आईच्या आड लपून त्यांनी चार वर्षं काढली होती, आणि आई तर आडवी आलीच नव्हती! शरच्चंद्र तसेच पडवीत गेले. नलिनीला हाताला धरून उठवणं त्यांना जमलं नाही, म्हणून म्हणाले, "तू आत जाऊन बस. आज मी करतो."

एवढी वर्षं खाल्लं, पण करायचं कसं हे त्यांनी कधी धड पाहिलं नव्हतं. पावाचे काप वाकडे कापले गेले. चीज किसताना बोट सोललं. झाकणावर निखारे जास्त झाले आणि वरचा काप एका कडेनं काळा पडला. तरी चीज वितळलं होतं. त्यांनी ते बशीत घातलं आणि बैठकीच्या खोलीत, सगळ्यांसमोर, नलिनीच्या हातात दिलं.

"हे तुझं. माईनं सांगितलंय. माईनं कसलं, आम्हीच चुकलो. खा."

नलिनीनं बशीकडे पाहिलं, मग सुरी उचलली आणि सँडविचचे चार तुकडे करून इतर बश्या शोधू लागली. कुंदानं तिचा हात धरला. "अगं, वाटायचं नाही. सगळं तुझं आहे."

नलिनीनं एक घास घेतला. चावला. सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते. तिनं तो गिळायचा खूप प्रयत्न केला, डोळ्यांत पाणी आलं, आणि ती तोंडावर हात दाबून मोरीकडे धावली.

ती परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"माझ्याकडून बिघडलं का?" शरच्चंद्रांनी विचारलं.

"नाही भाऊजी, तुम्ही चांगलं केलंय." नलिनी भिंतीला टेकून बसली. "पहिल्या वर्षी हा वास आला की जीव कासावीस व्हायचा. हात आपोआप पुढे जायचा. एकदा तर बोट चाटणारच होते. मग मी मनाला शिकवलं, की हे घाण आहे, हे मढं आहे. दर रविवारी शेगडीपाशी बसून तेवढंच घोकत आले. आता शिकले."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"मांस सुटलं त्याचं काही नाही. पण हे त्यांनी शिकवलेलं. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी त्यांनी स्वतः करून मला भरवलं होतं. आता ते आठवले की आधी हाच वास येतो आणि मला मळमळतं. भाऊजी, मला माझ्या नवऱ्याची आठवणसुद्धा काढता येत नाही हो!"

आणि चार वर्षांत सगळ्यांसमोर कधी न रडलेली नलिनी मोठ्यानं रडली.

कुंदानं तिला कुशीत घेतलं. शरच्चंद्र उभेच होते. आठवण जपतो म्हणून ते जगाला सांगत आले होते, आणि जिची ती आठवण, तिच्याकडून त्यांनीच ती रविवारी रविवारी काढून घेतली होती! त्यांनी नलिनीपुढे हात जोडले.

शेवटी नलिनीच म्हणाली, "हे माईंना द्या. त्यांची इच्छा अजून शिल्लक असेल."

माईंनी बशी ओढून घेतली. एकतीस वर्षांनी पहिला घास त्यांनी खाल्ला, उरलेल्या चार दातांनी, रडत रडत. "खाते गं," त्या म्हणाल्या. "तुझ्यासमोर खाते. या घरात पुन्हा कुठल्या बाईला असं शिकायला लागू नये म्हणून खाते." त्यांच्या हनुवटीवर ओघळलेलं चीज नलिनीनं आपल्या पदरानं पुसलं.

पडवीतली शेगडी त्या दिवशी विझली. दूध, खजूर आणि औषध यांवर नलिनी दिवाळीपर्यंत जराशी सावरली, पण मांसाचा घास तिच्या घशाखाली पुन्हा कधी उतरला नाही. पुढच्या वर्षी ग्रंथालयाचं बोलावणं आलं तेव्हा शरच्चंद्रांनी भाषण केलं नाही. ही हकीकत तेवढी उभं राहून सांगितली, आणि टाळ्या वाजवू नका अशी विनंती केली.

वाचकहो, जाचक रूढी चालवायला दुष्ट माणसं लागतात असं नाही. 'योग्य वेळ पाहू' म्हणणारी तुमच्याआमच्यासारखी भली माणसं पुरतात. आपल्या घरात कुणाच्या पानात काय नाही ते पाहा. ती मागणार नाही, आणि विचारलंत तर पहिल्यांदा नकोच म्हणेल. तरी विचारा, आजच विचारा. कारण माणूस नाइलाजानं इच्छा मारतो, तेव्हा तिच्याबरोबर आणखी काय काय मरतं हे त्याचं त्यालासुद्धा आधी कळत नाही.