साखळीटाका

बैल विकायचे हे ठरलं होतं. भांडण होतं ते बैलांच्या बदल्यात कसलं वेल्डिंग मशीन आणायचं यावरून.

"साधं रॉडचं आण," चेन्चो म्हणत होता. "आजवर रॉडवरच पोट भरलं आपलं. जुनं जळालं, तर तसलंच दुसरं आण."

"तसलंच आणायचं तर पालोमो आणि क्लावेल कशाला विकायचे?" त्याची बायको निकानोरा तापलेल्या रांजणात कोपरापर्यंत हात घालून मक्याच्या कडक भाकऱ्या, तोतोपो, आतल्या बाजूला थापत होती. "फ्लोरिंदाला पातळ पत्र्याचं काम करायचंय. मोटोटॅक्सीच्या टपाला रॉड लावला की भोक पडतं, असं कोण म्हणतं?"

"मीच म्हणतो."

"मग गप बस की."

चेन्चो गप बसला. आमच्या सांता क्रूझमध्ये पैसा बाईच्या कमरेला असतो, त्यामुळे शेवटचा शब्दही तिथंच असतो. चेन्चो गावातला एकटा वेल्डर. त्याचं दुकान म्हणजे अंगणातला ताडाच्या झापांचा मांडव, चारी बाजूंनी उघडा. त्या मांडवासमोर गावाचं सामाईक मळणीयंत्र मोडून उभं होतं. ट्रॅक्टर ज्या दांड्यानं ते ओढतो तो दांडा मधोमध चिरला होता, आणि चेन्चोचं जुनं मशीन तो जोडता जोडताच धूर काढून मेलं होतं.

शेतात ज्वारी वाळून खडखडत होती. उत्तरेचा वारा सुटला होता. आमच्याकडे हा वारा सुटला की कुत्रीसुद्धा तिरकी चालतात. रोज कणसं झडत होती, ताटं आडवी होत होती. शेजारच्या गावाकडे यंत्र मागितलं तर ते म्हणाले, आमचं आटोपल्यावर देतो. त्यांचं आटोपेपर्यंत आमच्या रानात पाखरांनी जेवून हात धुतले असते.

निकानोरा आणि लेक फ्लोरिंदा बाजारात गेल्या आणि बैल देऊन आल्या. क्लावेलनं वळून पाहिलं, असं फ्लोरिंदा सांगायची. निकानोरा म्हणायची, माशी बसली होती त्याच्या मानेवर.

तिथून दोघी हुचितानला रुफिनोच्या दुकानात गेल्या. एका कट्ट्यावर साधं रॉडचं मशीन होतं, काळं, बुटकं. दुसऱ्यावर एक लाल मशीन, समोर काचेची पाटी आणि तीन नळ्या.

"बाई, हे तीन कामं करतं," रुफिनो म्हणाला. "रॉड चालतो, गॅसवर तार चालते, आणि तिसरं बारीक, नाजूक कामाचं. एका पेटीत तीन वेल्डर बसवलेत समजा."

"तिघांना जेवायला किती लागतं?"

"एकाएवढंच. या, दाखवतो."

धूळ येते म्हणून त्यानं मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं, दोघींच्या हातात काळ्या काचा दिल्या आणि दोन पत्रे तारेनं जोडले. ठिणग्या थांबल्यावर निकानोरा वाकली. तिच्या स्वतःच्या पोलक्यावर पिवळ्या-तांबड्या दोऱ्याचा साखळीटाका होता. शिलाई मशीनवर असा सरळ टाका घालणारी बाई गावात दुसरी नव्हती. पत्र्यावर अगदी तसलाच टाका पडला होता. कडीत कडी, एकसारखी. तिनं त्यावरून नख फिरवलं. ते कुठंही अडकलं नाही.

"कसं वाटतंय?" फ्लोरिंदानं विचारलं.

"हे माणसाच्या हातचं वाटतंय," निकानोरा म्हणाली, आणि कमरेची गाठ सोडली.

दार लावलेलं होतं हे दोघींच्याही ध्यानात राहिलं नाही. मला वाटतं, आमच्यापैकी कुणाच्याच राहिलं नसतं. मासा पाण्याला मोजत नाही, तसे आम्ही वाऱ्याला मोजत नाही.

मशीन मांडवात ठेवलं तेव्हा निम्मा गाव जमला. चेन्चोनं हात पुसून मग त्याला हात लावला. दांड्याची चीर घासून चकचकीत केली, चिमटा लावला, सिलिंडरचा गॅस सोडला आणि तार पेटवली. मशीननं फुर्रफुर्र केलं, थुंकलं. चेन्चोनं काच वर केली. टाका कसला, समुद्रावरचा वाळलेला फेस होता. सगळा भोकांचा.

"जोडावर गॅस टिकत न्हाई," तो म्हणाला. "वारा नेतोय."

"कुठं नेतोय?"

"तुझ्या बैलांकडं."

बायकांनी चटया आणल्या, घागरे पसरून गोल उभ्या राहिल्या. वारा घागऱ्यांखालून आला. मळणीयंत्र एवढं धूड की कुठल्या घरात घालायची सोय नव्हती. तरीही चेन्चोनं जोड पुरा केला आणि ट्रॅक्टर लावला. दांडा पहिल्याच हिसक्याला काडीसारखा मोडला.

तो आवाज ऐकून माणसं एकेक करून निघून गेली. कुणी निकानोराला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. ती रांजणाजवळ जाऊन बसली. विस्तव विझला होता तरी तिनं आत हात घातला आणि तसाच ठेवला.

"आई, यात रॉडपण चालतो," फ्लोरिंदा म्हणाली. "त्याला गॅस लागत न्हाई."

चेन्चोनं रॉड लावला. ठिणगी पडली, आणि मशीन बंद. पाटीवर लाल दिवा लागला. पुन्हा लावला, पुन्हा बंद.

"तारेपुरती लाइट होती, रॉडला पुरत न्हाई," चेन्चो म्हणाला. "जुनं म्हातारं अर्ध्या लाइटवर कण्हत का होईना, पण चालायचं. हे नवं, ह्याला पोटभर लागतं." त्यानं मान वर केली. कुंपणापलीकडे पवनचक्क्या फिरत होत्या, आमच्या चर्चच्या घंटेपेक्षा कितीतरी उंच. त्यांच्या जाड तारा आमच्या छपरांवरून शहराकडे जातात. आमच्या घरातला दिवा मात्र संध्याकाळी काजव्यासारखा होतो. "बघ की, एवढी वीज डोक्यावर, आणि मी रॉड हातात घेऊन बसलोय."

मग हातातला रॉड खाली टाकून तो खाली बसला, आणि मी त्याला पहिल्यांदा म्हातारा झालेला पाहिला.

निकानोरा उठली. डोक्याला शाल गुंडाळून बाहेर पडली आणि पहिल्या घराच्या दारात उभी राहिली.

"उद्या सकाळी तेकियो हाय," ती म्हणाली.

तेकियो म्हणजे गावकाम. रस्ता असो, विहीर असो, घरटी एक माणूस बिनमजुरीचा यायचाच.

"खोरं आणू का कुदळ?"

"काही आणायचं न्हाई. फ्रीज बंद ठेवायचा, पंखा बंद, पंप बंद. म्या सांगेपर्यंत दिवासुद्धा लावायचा न्हाई."

"असलं कसलं तेकियो?"

"लाइटचं."

लोक हसले, पण हो म्हणाले. राहिलं एकच घर, ओबदुलियाचं. ओबदुलियाची मका दळायची चक्की म्हणजे गावातली सगळ्यात खादाड मोटार. तिच्या डुकरिणीनं एकदा निकानोराचा भिजवलेला मका खाल्ला होता. निकानोरानं डुकरिणीला काठीनं बडवलं, आणि तेव्हापासून दोघींत बोलणं नव्हतं. निकानोरा डोक्यावर मका घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाच्या चक्कीला जायची. त्या चक्कीचं काम तर सोपं निघालं होतं; तिथल्या बाईनं लगेच हो म्हटलं होतं.

ओबदुलिया दारातच होती. तिला कळलं होतंच.

"सकाळी चक्की बंद ठेवू? गावानं काय, सिमेंट खायचं?"

"आज रातीचं दळून ठेव. म्या सगळ्यांना मका घेऊन पाठवते."

"म्हंजे तुझ्या हौसेपायी म्या जागायचं. लाल पेटी आणलीस म्हणं, तीन नळ्यांची."

"आणली."

"आणि चालत न्हाई."

"न्हाई चालत." निकानोरानं उंबऱ्याकडे पाहिलं. "चुकले म्या. टाका बघून भुलले."

ओबदुलियानं तिच्या पोलक्यावरचा टाका न्याहाळला. "डुकरिणीची माफी माग आधी," ती म्हणाली.

निकानोरा परसात गेली. काय बोलली ते डुकरिणीलाच ठाऊक.

सकाळी गाव मुकं झालं. चक्कीचा घरघराट नाही, रेडिओ नाही, फक्त वारा. चेन्चोनं रॉड पेटवला. दिवा लाल झाला नाही. तो वाकून जोडत गेला, रॉडमागून रॉड, वरून एक पट्टीही बसवली. जोडावरची खपली झाडून त्यानं हातोडा मारला. एकदा, मग जोरात. दांडा घणघणला.

जोड मात्र वेडावाकडा होता, ढेकळासारखा. निकानोरानं नख फिरवलं, ते पावलोपावली अडकलं.

"असला टाका माझ्या पोलक्याला घातला असतास," ओबदुलिया मागून म्हणाली, "तर तुझं शिलाई मशीन म्या विहिरीत टाकलं असतं."

"धरलंय का ते बघ," निकानोरा म्हणाली.

धरलं होतं. ट्रॅक्टरनं हिसका दिला आणि यंत्र निघालं. तीन नळ्यांतल्या दोन फ्लोरिंदानं गोणपाटात गुंडाळून ठेवल्या. कधीतरी भिंती बांधू, म्हणाली. कशानं, ते कुणी विचारलं नाही.

पीक निम्मं हाती लागलं. निम्मं मातीत मिसळलं होतं आणि पाखरं त्यावरून उठत नव्हती. संध्याकाळी पोत्यांची तोंडं शिवून निकानोरा शेताच्या बांधावर उभी राहिली. बाकीच्यांच्या गाड्या भरून निघाल्या होत्या. तिचीही गाडी होती, घरी, मांडवाच्या कडेला, जू जमिनीला टेकवून. ओढायला कुणी नव्हतं. दिवसभर हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती मटकन बांधावर बसली आणि तोंडावर शाल ओढली.

ओबदुलिया रिकामी टोपली काखेत घेऊन आली. गाडी नाही हे तिनं पाहिलं. निकानोराला असं बसलेलंही पाहिलं.

"माझी डुकरीण जुंपतीस का?" तिनं विचारलं.

शालीखाली खांदे हलले. रडतेय की हसतेय ते लांबून कळेना, जवळूनही कळलं नसतं.

ओबदुलियानं पोत्याची शिवण उसवली, टोपली ज्वारीनं भरली आणि डोक्यावर घेतली. "ऊठ," ती म्हणाली. "वारा पाठीशी हाय तवर चल."